कोन हाय का आत?

बंद पडलेल्या बसला हुक लावण्याआधी कचरूमामा तिच्या मागच्या पत्र्यावर पान्याने तीन ठोके द्यायचे. "कोन हाय का आत?" असं विचारायचे आणि पत्र्याला कान लावून उभे राहायचे. प्रवासी केव्हाच दुसऱ्या गाडीने गेलेले असत. आयटीआय करून मी त्यांच्या हाताखाली मेकॅनिक म्हणून लागले, तेव्हा मला वाटलं, मामांचं डोकं जरा सरकलेलं आहे.

आमच्या बस कंपनीच्या, बंद बस ओढून आणणाऱ्या ब्रेकडाऊन गाड्यांचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. पहिली गाडी त्यांनीच उभी केली, भंगारातल्या बसचा मागचा भाग कापून आणि तिथे साखळी-कप्पी बसवून. दुसरी जुन्या ट्रकची. तिसरी आत्ताची, बटण दाबलं की अख्खी बस उचलणारी. "हिला ताकद लई हाय, पन कान नाय," मामा म्हणायचे.

एकदा भर दुपारी दौलताबादच्या उतारावर बस बंद पडली. सगळ्या सीटा बघून मी खाली उतरले. मामांनी तीन ठोके दिले.

आतून तीन ठोके आले.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही दोघांनी पुन्हा बस धुंडाळली, सीटांखाली वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. "उन्हानं पत्रा वाजतो, मामा," मी म्हणाले.

"त्या दिवशी बी मला असंच वाटलं व्हतं," मामा म्हणाले, आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. पहिल्या गाडीने ओढून आणलेली ती पहिलीच बस. मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन तो खाली घसरला होता, कुणाला दिसलाच नाही. वाचा गेलेली, एक हात तेवढा हलत होता. वर्कशॉपच्या आवारात दुपारभर तो आतून पत्रा ठोकत राहिला.

"शेजारी पत्र्याचं काम चालू व्हतं गं. मला वाटलं, त्याचाच आवाज हाय. मी चहा पीत व्हतो, पोरी."

संध्याकाळी झाडूवालीने दार उघडलं, तेव्हा तो हात थंड पडला होता.

दौलताबादहून मामांनी गाडी इतकी हळू आणली की सायकलवाले पुढे जात होते. मागे मात्र मी एकदाही वळून पाहिलं नाही.

गेल्या वर्षी मामांनाच अर्धांग झालं. उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात त्यांचा मुलगा म्हणाला, "त्यांना काय कळंना, ताई. हात उगंच आपटत्यात."

मामांचा उजवा हात खाटेच्या लोखंडी कडेवर पडत होता. तीनदा. मग थांबायचा. पुन्हा तीनदा. आजूबाजूला सगळे बोलत होते, भांडी वाजत होती. मामा विचारत होते की सांगत होते, ते मला आजही ठरवता येत नाही.

मी वाकले आणि त्याच कडेवर बोटांनी तीन ठोके दिले. "ऐकू येतंय, मामा. मी हाय इथं."

हात थांबला. मी तो माझ्या हातात घेतला. संध्याकाळी मामा गेले, तोवर मी तो सोडला नाही.