पातळ भिंत

कुवेतमध्ये जलीब भागातल्या आमच्या इमारतीत, माझ्या शेजारच्या खोलीत चिपळूणकडचे एक गृहस्थ एकटेच राहतात. अम्गराच्या भंगार यार्डात क्रेन चालवतात. मी दवाखान्यात रक्त तपासणारा साधा टेक्निशियन, पण ते मला डॉक्टरच म्हणतात, आणि बोलणं संपवताना "असं आहे" असं जोडतात. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. संध्याकाळी कामावरून आले की ते सिगारेट पेटवत, आणि पातळ भिंतीतून त्यांचा खोकला ऐकू येई. पलीकडे कुणीतरी आहे, एवढं मला त्यावरून कळायचं.

मध्यंतरी तो खोकला बंद झाला. आठवडाभर काहीच ऐकू येईना, तेव्हा घाबरून मी त्यांचं दार ठोठावलं. त्यांनी उघडलं. हातात व्हेप, म्हणजे ई-सिगारेट होती आणि खोलीभर आंब्याचा गोडसर वास.

"काका, बरे आहात ना? खोकला ऐकू आला नाही म्हणून आलो."

"सिगारेट सोडली, डॉक्टर. आता हे ओढतो, असं आहे." मग म्हणाले, "सोडली हे सांगायला कुणी नव्हतं. तुम्हीच पहिले."

त्यांनी बसवून चहा पाजला. दुसऱ्या दिवसापासून कामावरून आले की ते भिंतीवर टकटक करू लागले. मीही इकडून करतो.

परवा जिन्यात भेटले. मी म्हटलं, "काका, सध्या माझी दुपारची ड्युटी आहे. संध्याकाळी मी खोलीवर नसतो."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तरी वाजवतो."