तळलेले कागद

पापड समजून तळले, असं मी घरात सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. माझ्याबद्दल असलं काही लोकांना लगेच पटतं.

माझी धाकटी बहीण पुण्याला असते. वर्षातून दोनदा येते, चार दिवस राहते आणि जाते. आई मात्र बारा महिने माझ्याकडे, साकोलीला. तिचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, पुनर्वसनाच्या घरात बाबाही गेले, मग एकटी कशाला राहतेस म्हणून मी तिला घेऊन आले. आम्हाला भाऊ नाही. आईच्या गोळ्या, आईचे गुडघे, सकाळचा बिनसाखरेचा चहा आणि त्यावरची तिची कुरकुर, हे सगळं माझ्या वाट्याला. बहिणीचा येते म्हणून फोन आला की आठ दिवस आधीपासून आईने ठेवणीतलं लुगडं काढून ठेवणं, हे तिच्या वाट्याला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. मी तर पिकल्या जागीच राहिले.

यंदा होळीनंतर ती यायची होती. पंधरा दिवस आधी तिने मला व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, 'ताई, पाहून ठेव, आपण करू.' थायलंडकडे करतात तसले रोल होते ते. पापडासारखा गोल, काचेसारखा तांदळाचा कागद पाण्यात बुडवायचा, मऊ पडला की ताटात पसरायचा, त्यात उकडलेल्या कोंबडीचं मांस, पुदिना, कोथिंबीर, गाजराचे काप ठेवायचे आणि घट्ट गुंडाळी करायची. तळायचं नाही, भाजायचं नाही. सोबत शेंगदाण्याची आंबटगोड चटणी. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. छान होता, म्हणूनच उत्तर दिलं नाही. 'आपण करू' याचा अर्थ मला पाठ आहे. चिरायचं मी आणि नाव तिचं.

ती आली. बॅगेतून कागदांचं पाकीट काढलं, मग ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाला काढला. घरभर तुळशीचा वास सुटला. ही थायलंडची तुळस, कोंबडीसोबत खातात, असं तिने सांगितलं. मी आईकडे पाहिलं. अंडी फोडलेल्या हाताने तुळशीला पाणी घातलं म्हणून मला भर थंडीत पुन्हा आंघोळ करायला लावणारी बाई ती. म्हटलं, आता बघ.

आईने एक पान चुरगाळलं, नाकाशी धरलं. "थे तुळस नोहोय," ती म्हणाली. "सब्जा होय. सब्जा चालते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच सब्जा मी आणला असता तर तो तुळस झाला असता, आणि मी आंघोळीला गेले असते.

दुसऱ्या दिवशी रविवार. गुडघे दुखतात म्हणून माझ्यासोबत कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत न येणारी आई बहिणीसोबत ऑटोत बसून बाजारात कोंबडी घ्यायला गेली. जाताना पदर सावरत हसत होती. मी दारातून पाहिलं, आत आले, आणि समोर ओट्यावर ते पाकीट पडलेलं होतं.

मला वाचता येतं. पाकिटावर चित्रही होतं, पाण्याच्या ताटाचं. मी कढई ठेवली आणि तेल तापवलं. पहिला कागद सोडला तसा तो डोळ्यांसमोर फुलला, पांढराशुभ्र, हलका, इतका देखणा की मी हे कशासाठी करते आहे तेच घडीभर विसरले. मग आठवलं, आणि दुसरा सोडला. सगळे तळले. एखादा उरवला असता तर मध्येच का थांबलीस असं कोणीतरी विचारलं असतं.

त्या दोघी परत आल्या तेव्हा परात भरलेली होती.

"तुझे पापड तळून ठेवले," मी बहिणीला म्हटलं. "लय पातळ होते बाई."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा परातीकडे. माझे यजमान बाहेरच्या खोलीतून आले आणि काय झालं ते कळल्यावर पोट धरून हसले. मी मान खाली घालून उभी राहिले. बावळटाचं सोंग मला चांगलं जमत होतं.

"हासू नका," आई त्यांना म्हणाली. "भोळी आहे थे. तिले काय समजते असलं."

मूर्ख ठरायची तयारी मी केली होती. पण आईने बहिणीसमोर माझ्या डोक्यावरून हात फिरवत मला मूर्ख ठरवावं, याची नव्हती केली. त्यापेक्षा चोर म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

"जाऊ दे ताई," बहीण म्हणाली. "मीच सांगून जायले पाह्यजे होतं."

मला वाटलं, संपलं. कोंबडीचा रस्सा करू, माझ्या हातचा, गाव बोटं चाटतं तसला. मी कांदे घ्यायला वळले, तेवढ्यात आई खुर्चीत बसता बसता म्हणाली, "त्यात काय एवढं. उन्हाळ्यात आपण वाफेवरच्या पापड्या करतो, थ्या वाळवाच्या आधी काय असतात? असाच तर कागद असते. मोठी करते. तिच्यावानी पापडी कोणाले सोलता येते?"

आई वर्षभरात मला एकदा चांगलं म्हणते, आणि तेही असं गैरसोयीच्या वेळी.

मी तांदळाचं पीठ पातळ कालवलं. उकळत्या पाण्याच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, तेलाचं बोट फिरवलेली ताटली ठेवायची, त्यावर पळीभर पीठ फिरवायचं, झाकण घालायचं, वाफ आली की ओल्या बोटांनी कडेपासून सोलत यायचं. पहिली मी मुद्दाम जाड केली. गुंडाळताना फुटेल, मग नाद सोडतील.

आईने ती बोटाने दाबून पाहिली. "आयता करून राहिली का तू?" आयता म्हणजे आमच्याकडचं तांदळाचं धिरडं. "हात गेला का तुहा?"

इथे माझा घात झाला. सगळं सहन होईल, पण हात गेला हे बोलणं मला सहन होत नाही. दुसरी पापडी मी अशी पातळ केली की तिच्याआड धरलेल्या बोटांच्या रेघा दिसाव्यात. तिसरी त्याहून पातळ. एकही फाटली नाही. जळफळत होते आणि तरी एकीपेक्षा एक सुंदर पापडी उतरवत होते. शेजारी बहीण पाटावर बसून पुदिना, सब्जा, कोंबडीचे धागे ओळीने मांडायची, दोन्ही कडा आत घ्यायची, गुंडाळायची. आतला हिरवा पाला बाहेरून दिसत होता. तिने फोटो काढले. माझ्या पापड्यांचे, तिच्या ताटातले.

आईने तीन खाल्ले. रात्री अर्ध्या भाकरीला नाही म्हणणारी बाई, तीन. मग कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन शेजारच्या काकूंना हाक मारली. "माह्या लहानीनं थायलंडचे रोल केले, या खायले."

मी वाफेने लाल झालेले हात धरून तिथेच उभी होते. माझं नाव निघेल म्हणून काकू आत येऊन, खाऊन, हात धुऊन जाईपर्यंत उभी राहिले. निघालं नाही.

दोन दिवसांनी बहिणीला नागपूरच्या बसमध्ये बसवून दिलं. पाकिटाबद्दल ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. मीही नाही.

तळलेले कागद मी डब्यात भरून ठेवले होते. आईने एके दिवशी वरणभातासोबत एक मागितला. मग रोज मागू लागली. "लहानीचे पापड दे," म्हणायची. तळले मी, पापाची धनी मी, आणि पापड लहानीचे. डबा रिकामा झाला त्या दुपारी आई म्हणाली, "फोन कर तिले. अजून पाठव म्हणा."

मी फोन घेऊन ओसरीवर गेले आणि बहिणीला सांगितलं, आईला ते कागद पाहिजेत, पापडासाठी.

"पाठवते ना," ती म्हणाली. "व्हिडिओ बी पाठवू का परत? मागचा तू पाह्यला नसशील."

नाही पाहिला म्हणणं सोपं होतं. तिनेच वाट करून दिली होती. पण इतके दिवस भोळी म्हणून फिरून मी कंटाळले होते.

"पाह्यला," मी म्हटलं. "तीन वेळा पाह्यला."

तिकडे तिने पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "पाठवला त्याच दिवशी दोन्ही टिका निळ्या झाल्या होत्या."

"मंग त्या दिवशी सगळ्यायसमोर बोलली काहून नाही?"

"परात पाह्यली न् लय राग आला होता. सांगणारच होती. मंग आईनं तुह्या डोक्यावरून हात फिरवला." तिचा आवाज बारीक झाला. "मले नाही आठवत तिनं कधी फिरवलेला. मले नवं लुगडं नेसून दाखवते थे. हात गेला का म्हणून रागावत बी नाही. पाहुणीले कोण रागावते, ताई."

एवढी वर्षं मी तिच्यावर जळत होते, आणि तिकडे पुण्यात तीही मला पडणाऱ्या शिव्यांवर जळत होती. असलं काही माझ्या मनातही आलं नव्हतं.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "पापडाचं सांगतलं का? का थेबी विसरली? एक काम धड नाही होत या पोरीच्यानं. चहा ठेवला होता, थोबी उतू गेला पाह."

मी फोन कानापासून काढला आणि आईच्या आवाजाच्या दिशेने धरला. तिचं बोलून होईस्तोवर तसाच धरून ठेवला.