पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

भागूमावशीची नक्कल सगळ्यात अवघड, कारण ती बोलतेच कमी. मोनिका मॅडम सोप्या आहेत: चष्मा कपाळावर चढवायचा आणि "आपण जरा श्वास घेऊया का" म्हणायचं. कल्याण सर त्याहून सोपे. घसा खाकरायचा, हजेरीचं रजिस्टर टेबलावर आपटायचं, झाले सर. मावशीची मात्र दिवसाकाठी चार वाक्यं हाती लागतात, त्यातलं एक माझ्यासाठीच असतं: "ए रेडिओ, आवाज कमी कर."

नागापूरला एमआयडीसीच्या मागे एक छोटी शाळा आहे. ज्या मुलांचा राग नाहीतर भीती नेहमीच्या शाळेला झेपत नाही, ती सकाळी तिथं जातात, शिकतात, शांत व्हायला शिकतात आणि संध्याकाळी घरी येतात. मीही दोन वर्षं जात होते. मोनिका मॅडम तिथल्या समुपदेशक. भागूमावशी तिथं झाडलोटीच्या कामाला लागली. माहेर शेवगावकडचं, आणि आधी बारा वर्षं प्लॅस्टिकच्या बादल्या काढणाऱ्या मशीनवर होती.

एकदा एक मुलगा बाकं पाडत सुटला. सगळे धावले. मावशीनं झाडू ठेवला, त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याच्याकडं पाठ करून बसली आणि पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला लागली. थोड्या वेळानं तो शेजारी येऊन बसला. हे कुठं शिकलात, असं मॅडमनी विचारलं. ती म्हणाली, "मशीन तापलं की हात लावायचा न्हाई, आन जागाबी सोडायची न्हाई." मॅडमनी तिला प्रशिक्षणाला पाठवलं. झाडू दुसरीच्या हातात गेला.

ज्ञानेश्वरी नऊ वर्षांची. दोन शाळांनी काढलेली. नागापूरच्या शाळेत वर्ष काढल्यावर तिला मी नववीत आहे त्याच शाळेत, चौथीच्या वर्गात, पंधरा दिवस बसवून बघायचं ठरलं. तिथले वर्गशिक्षक कल्याण सरांनी तिचं नाव रजिस्टरात सगळ्यात खाली लिहिलं, पेन्सिलीनं. काही फेकलं तर वडिलांना फोन आणि नाव खोडायचं. तिचे वडील अंगदकाका यांनी आधीच बजावलं होतं की इथंही जमलं नाही तर पोरगी पुणतांब्याला आजीकडं जाईल आणि शाळा बंद.

मावशी रोज तिच्यासोबत यायची, वर्गाच्या पायरीवर बसायची. दहा दिवस सुखात गेले. अकराव्या दिवशी मावशी पाणी भरायला गेली आणि मैदानावर हलगीसकट लेझीमचा सराव सुरू झाला. ज्ञानेश्वरीची कंपासपेटी फळ्यावर आदळली. ती स्वतः सरांच्या टेबलाखाली शिरली.

मी व्हरांड्यातूनच चालले होते. आत गेले, टेबलावर ओणवी झाले आणि मावशीचा आवाज काढला, अगदी हुबेहूब: "ज्ञानू, मी हाय हितंच."

उत्तरादाखल बूट आला. मग दुसरा बूट. सरांनी मोबाईल काढला.

मावशी आली ती चालत, धावत नाही. "सर, फोन करनं तुमच्याच हातात हाय," ती म्हणाली, "पन पंधरा मिन्टं थांबा. आन बसा."

सरांनी खुर्चीकडं बघितलं. मावशीनं जमिनीकडं. पोरं फिदीफिदी हसली, सरांचे गुडघे कडकड वाजले, पण सर बसले. मावशी टेबलाला पाठ लावून शेंगा फोडत राहिली. बऱ्याच वेळानं टेबलाखालून एक हात आला. मावशीनं त्यावर अख्खी शेंग ठेवली, सोललेले दाणे नाहीत. आतून कट्ट असा आवाज आला.

मग ज्ञानेश्वरी बाहेर आली. कंपासमधलं सगळं तिनंच गोळा केलं आणि सरांना म्हणाली, लेझीम कधी वाजणार ते आधी सांगत जा. सरांनी घसा खाकरून वार आणि तास सांगितला. मोबाईल खिशात गेला होता.

बाहेर मावशीनं मला गाठलं. "आवाज माझाच काढलास. पन उभी हुतीस, तिच्या डोक्यावर."

पंधराव्या दिवशी पुन्हा लेझीम होतं. मावशीनं शेंगांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, कल्याण सरांची परवानगी घेतलीय म्हणाली, आणि स्वतः फाटकापाशी जाऊन उभी राहिली. मी पायरीवर बसले, वर्गाकडं पाठ करून, तोंड बंद. आयुष्यात एवढी अवघड नक्कल केली नव्हती. हलगी सुरू झाली. आत काहीतरी पडलं. मी उठले नाही. थोड्या वेळानं ज्ञानेश्वरी शेजारी येऊन बसली आणि तिनं पिशवीत हात घातला.

शाळा सुटताना मावशी सरांच्या टेबलाशी गेली. सर म्हणाले, ठरलं होतं की काही फेकलं तर...

"फेकलं," मावशी म्हणाली. "उचललंबी तिनंच. आन सर, ह्ये पेन्सिलीचं मला लई फिक्कं दिसतंय. पेनानं लिहा."

सरांनी घसा खाकरला. रजिस्टर मात्र आपटलं नाही. निळ्या पेनानं हळूहळू पूर्ण नाव लिहिलं.

ज्ञानेश्वरीनं खिशातून खोडरबर काढलं आणि नावाच्या टोकावर दोनदा घासून बघितलं. निघालं नाही.