चालू : एक भाडेकरू

जगातली कुठलीही गोष्ट आधी चालू करून बघावी आणि नाही जमली तर गुपचूप बंद करावी, यात लाज कसली, असं मानणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच होता, आणि माझ्या नशिबाने तो माझा घरमालक होता. ते शाळेत गणित शिकवत, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास असे. कॉम्प्युटर एक, बाकडं एक, चपला बाहेर. विद्यार्थ्यांना ते आडनावाने नव्हे, गावावरून हाक मारत. मी बोरीकर.

पुण्याच्या एका मित्राने त्यांना प्रोग्रामिंगच्या एका भाषेच्या फ्लॉप्या पाठवल्या होत्या. त्या भाषेतल्या काही सोयी अजून कच्च्या होत्या. सोबतच्या पुस्तिकेत स्पष्टच लिहिलं होतं की या सोयी प्रायोगिक आहेत, पुढच्या आवृत्तीत राहतील किंवा जातीलही. एरवी त्या बंदच असत. हवी ती सोय प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत नाव लिहून चालू करायची, काम झालं की आणखी एक ओळ लिहून बंद करायची. दुसऱ्या कुणी हे वाचून पान उलटलं असतं. सरांनी त्यावर संसार उभा केला. संसार म्हणजे ते आणि त्यांची म्हातारी आई. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणत, "ती सोय बंद कशी करायची ते पुस्तिकेत दिलेलं न्हाई."

रस्त्याकडच्या दाराच्या चौकटीवर ते खडूने चालू असलेला प्रयोग लिहीत, बंद केला की ओळ पुसून टाकत. 'चालू : बिनसाखरेचा चहा.' 'चालू : डाव्या हाताने दाढी.' दुधाला जाणारे लोक आधी चौकट वाचत, मग सरांच्या गालावरची पट्टी बघत. एका वेळी प्रयोग एकच, कारण दोन चालू असताना बिघडलं तर दोष कुणाला द्यायचा? एका उन्हाळ्यात त्यांनी कुलरला वाळ्याऐवजी कडबा लावला. गारवा बरा येत होता. एका संध्याकाळी शिकवणी रंगात आली असताना कुलर आपोआप हलायला लागला. बाहेर बाजारातून परतणारा एक बैल उभा राहून खिडकीतल्या कुलरचा कडबा शांतपणे खात होता. आम्ही हाकलायला उठलो, तर सर म्हणाले, "खाऊ द्या. त्याच्या हिशोबानं प्रयोग पास हाय."

रागावत ते एकाच गोष्टीवर, चालू केलेलं बंद न करता उठण्यावर. चुकीचा लिहिलेला हुकूम मशीनने स्वतःच सुधारून घ्यायची एक सोय पोखर्णीकराने तशीच चालू ठेवली आणि पुढे गावांची यादी टाइप करायला बसला. त्याने आपल्या गावाचं नाव इंग्रजीत लिहिलं. मशीनला त्यात पी, आर, एन दिसले आणि वाटलं, हा बिचारा प्रिंट, म्हणजे छापायचा हुकूम, लिहायला चुकला. छपाईयंत्र जे सुटलं ते कागद उंबऱ्याबाहेर गेल्यावरच थांबलं.

मी त्या घरात आलो तोही प्रयोग म्हणूनच. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तेव्हा पेटलेला होता आणि माझं आडनाव कळलं की परभणीत कुठलीच खोली रिकामी नसायची. आईवडील ऊसतोड मजूर, रोज एसटीने ये-जा झेपणारी नव्हती. खोली नाही तर कॉलेज नाही, इतकं ते सरळ होतं. सरांची आई, जिला सगळे माय म्हणत, माझ्यासमोरच म्हणाली, "आपल्या घरात हे चालत न्हाई." सरांनी वाद घातला नाही. म्हणाले, "माय, आपण कायमचं कुठं म्हणायलोत? दिवाळीपर्यंत चालू करून बघू. न्हाई जमलं तर बंद." बंद करता येतं म्हटल्यावर म्हातारीला धीर आला. चौकटीवर अक्षरं उमटली : 'चालू : एक भाडेकरू.' माझ्यासाठी वेगळा तांब्या आला. मी आवाज न करता राहायला शिकलो.

दिवाळी आली. सकाळी बाहेर येऊन पाहतो तर चौकट ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेली. सरांचा नियम मला पाठ होता. मी आत जाऊन पुस्तकं ट्रंकेत भरली, वळकटी बांधली.

सर दारात येऊन बघत राहिले. "कुठं निघालास, बोरीकर?"

"ओळ पुसलीय, सर."

"मायनं पुसली. तिला परवा सांगत होतो, पुण्याहून नवी आवृत्ती आलीय. जुन्यातल्या ज्या सोयी टिकल्या, त्या आता भाषेतच घेतल्यात. त्या चालू करायला वर ओळ लिहावी लागत न्हाई. तिला ते माझ्यापेक्षा लवकर समजलं."

आतून मायचा आवाज आला, "त्याला म्हणावं वळकटी सोड आन् जेवायला ये. भाकर गार व्हायलीय." त्या दिवशी ताटाशेजारी ठेवलेला तांब्या घरातलाच होता.

त्याच खोलीत राहून मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. आता सर नाहीत, मायही नाही. परभणीला गेलो की त्या गल्लीतून चक्कर मारतो. चौकटीला नव्या माणसांनी रंग दिलाय, तिच्यावर काही लिहिलेलं नसतं. तरी मी थोडा वेळ ती वाचत उभा राहतो.