पायरीला एक शब्द

प्रिय सई आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर ईशान शाळेतल्या कसल्याशा भांडणाबद्दल सांगत होता, जर्मनमध्ये. मी मधेच म्हणाले, "मराठीत सांग, नाहीतर मी फोन ठेवते." तो गप्प झाला. सईने मांजर दाखवलं, हवामान सांगितलं आणि फोन संपला. आपण बरोबर वागलो, असं मला पाच मिनिटं वाटलं. मग हेर एबरले आठवले, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. तुमच्या जन्माआधीचे ते गृहस्थ. त्यांच्याबद्दल लिहून पाठवते आहे. बाबाने वाचून दाखवावं.

दोन हजार चार साली तुमच्या आजोबांना कंपनीने झिंडेलफिंगेनला पाठवलं, आणि मी पुण्यातली इंग्रजीच्या शिक्षिकेची नोकरी सोडून त्यांच्याबरोबर गेले. आम्ही तळमजल्यावर, आमचे घरमालक हेर एबरले वर, एकटे. त्या भागात घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने आठवडाभर जिना आणि अंगण झाडायचं असतं. त्याला केरवोखे म्हणतात. नावातच केर असल्यामुळे मला तो शब्द लगेच पाठ झाला.

पहिल्याच शनिवारी जिन्यात कोणीतरी रागावून बोलल्यासारखं ऐकू आलं. दार उघडलं तर सहा फूट उंचीचे, सासष्ट वर्षांचे हेर एबरले एका हातात झाडू आणि दुसऱ्या हातात छोटी कार्डं घेऊन पायऱ्या झाडत होते. पायरीला एक शब्द. शब्द आठवला की खालची पायरी. अडला की पुन्हा थेट वर, पहिल्या पायरीवर, आणि झाडलेलं पुन्हा झाडायचं.

"जर्मन नाही वाटत ही?" मी माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये विचारलं.

"क्रोएशियन. विद्यापीठात शिकतो आहे." आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "फ्राउ लेले, तुम्ही शिक्षिका होतात ना? गेनाऊ, अगदी बरोबर. उद्या चार वाजता."

असे ते माझे विद्यार्थी झाले. मला त्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं. कळायची गरजही नव्हती. त्यांच्याकडे पाच कप्प्यांचा एक लाकडी खोका होता. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. शब्द आला की पुढच्या कप्प्यात. चुकला, तर कितीही पुढे गेलेला असो, परत पहिल्यात. मी जर्मन बाजू वाचायची, त्यांनी क्रोएशियन म्हणायची, मी मागची बाजू ताडून बघायची. ही शिस्त मला फार आवडली. आजोबा चार वाजले की म्हणत, "अगं, तुझा विद्यार्थी आला. खुर्च्या बाजूला कर." कारण हेर एबरले बसत नसत. ओटा ते खिडकी, खिडकी ते ओटा. जाता जाता नळाची चावी आवळायची, कपाटाचं दार उघडमीट करून बघायचं. "बसलो की मी गंजतो," म्हणायचे. आणि प्रत्येक कार्डानंतर, "आल्झो, पुढे!"

ते गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तीस वर्षं माइस्टर होते, म्हणजे मुकादम. विद्यापीठात त्यांच्या वर्गात विशीतली सात-आठ मुलं होती. बहुतेक क्रोएशियातून कामाला आलेल्या लोकांचीच. भाषा घरी बोलत, पण लिहिता-वाचता येत नसे, ते शिकायला आलेली. सकाळी भाषा असे, दुपारी साहित्य आणि संस्कृती: दगडावरचे जुने लेख, एक वेगळीच जुनी लिपी, कोळ्यांची गाणी. हेर एबरले वैतागत. "मी पाना मागितला, फ्राउ लेले, आणि हे मला पान्याचा इतिहास सांगताहेत!" पण दांडी एकदाही मारली नाही. मारीना नावाची एक मुलगी त्यांना म्हणाली होती, "हेर एबरले, तुम्ही प्रेमकवितासुद्धा आग लागल्याची सूचना वाचल्यासारखी वाचता." हे त्यांनी मला तीनदा तरी सांगितलं, आणि दर वेळी खूश होऊन.

भाषा का शिकता, असं तिथे कोणी विचारलं की सांगत, समुद्राकाठी सुट्टीसाठी घर घ्यायचं आहे. मलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. पण घर घेणाऱ्या माणसाला इतकी घाई कशाची, हे मला कळत नसे.

नोव्हेंबरात एक दिवस मी कार्ड उचललं. जर्मन बाजूला 'आई'. ते ओटा आणि खिडकीच्या मधेच थांबले. मी उलटून पाहिलं आणि खुशीत म्हणाले, "मायका! अहो, किती सोपं. आमच्याकडेही माय म्हणतात."

हेर एबरले खुर्ची ओढून बसले. पहिल्यांदाच.

मग ते सांगू लागले. कारखान्यात त्यांच्या हाताखाली योसिप नावाचा क्रोएशियन कामगार होता, आणि जुळणीच्या शेजारच्या सरकत्या पट्ट्यावर त्याचा भाऊ. दोघे काम करताना आपल्या भाषेत बोलत. हेर एबरलेंनी नियम केला, पट्ट्यावर फक्त जर्मन. सुरक्षिततेसाठी, असं तेव्हा सांगितलं होतं. खरं म्हणजे ते काय बोलतात हे कळत नसे, आणि आपल्यालाच हसतात असं वाटे. एका सकाळी भाऊ पट्टा ओलांडून योसिपजवळ आला आणि काहीतरी सांगू लागला. हेर एबरले लांबूनच ओरडले, "जर्मन!" भाऊ थांबला. त्याने वळून मुकादमाकडे पाहिलं आणि मग योसिपला मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "आई. मेली. काल."

"त्यापुढचं बोलायला त्यांच्याकडे जर्मन नव्हतं," हेर एबरले म्हणाले. "पाळी संपेपर्यंत दोघे गप्प काम करत राहिले. मी त्यांना घरी जा म्हणालो नाही. मला नियम मोडायचा नव्हता."

योसिप निवृत्त होऊन आपल्या बेटावर परतला होता. हेर एबरलेंना तिथे जाऊन त्याची माफी मागायची होती, त्याच्या भाषेत, दुभाष्याशिवाय. अकरा वाक्यं लिहून ठेवली होती. जानेवारीत योसिपच्या बायकोचं पत्र आलं: फुप्फुसं खराब झाली आहेत, रात्री घरी प्राणवायूची नळी लावावी लागते.

"ईस्टरला जातो," ते म्हणाले. म्हणजे मार्चअखेर.

आणि मी, तुमची शिस्तीची आजी, काय म्हणाले? "हेर एबरले, निम्मी कार्डं अजून तिसऱ्या कप्प्यात आहेत. तिथे जाऊन अडलात तर? जुलैत परीक्षा होऊ दे, मग पूर्ण तयारीने जा." त्यांना ते पटलं. अर्धवट काम त्यांनाही खपत नसे.

तो वसंत ऋतू माझ्या अंगावर आला. वर रात्रंदिवस पावलं वाजत. जिना आठवड्यातून तीनदा झाडला जाई, आमची पाळी असतानाही. टपाल येताना दिसलं की ते दारापर्यंत जाऊन थांबत आणि मला म्हणत, "तुम्ही बघा." तिकडे मृत्यूची बातमी काळ्या कडेच्या पाकिटातून येते. ते पाकीट येईल ही भीती त्यांना होती, आणि मलाही. आजोबा एकदा चिडून म्हणाले, "अगं, माणूस मरायला टेकलाय आणि तू कप्पे कसले मोजतेस? जाऊ दे की त्यांना." मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या गाड्या बघा." पण त्या दिवसापासून त्यांच्यासमोर मी कप्पे मोजत नसे.

जुलैत परीक्षा झाली. उत्तीर्ण झाले. मुलांनी तिथल्या पद्धतीप्रमाणे बोटांच्या पेरांनी बाकं वाजवून त्यांना दाद दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गाडी घेऊन निघाले.

नऊ दिवसांनी परत आले ते सामानही न उतरवता आमच्या स्वयंपाकघरात. आणि चालू लागले, ओटा ते खिडकी.

"जिवंत आहे?" मी विचारलं.

"आहे. नाकात नळी, खुर्चीत बसलेला. मी दारातच उभा राहून सुरुवात केली. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. तिसऱ्याला त्याने बोट वर केलं." हेर एबरलेंनी स्वतःचं बोट वर केलं. "म्हणाला, 'जर्मन, माइस्टर!' अगदी माझ्याच आवाजात."

"हसत?"

"नाइन. हसत नव्हता."

ते खिडकीपाशी थांबले. "मग जर्मनमध्ये म्हणालो, मला माफ कर. ते वाक्य तीस वर्षं माझ्याजवळ तयारच होतं, फ्राउ लेले. त्याला परीक्षा लागत नव्हती."

योसिप 'बरं' म्हणाला. बायकोने कॉफी ठेवली आणि सांगितलं, ईस्टरला आला असतात तर यांनी तुम्हाला होडीतून नेलं असतं, तेव्हा चालवत होते. हे सांगताना हेर एबरलेंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

घरातला पाण्याचा पंप आवाज करत होता. तो ते चार दिवस दुरुस्त करत राहिले. योसिप खुर्चीतून सूचना देई, जर्मनमध्ये. चौथ्या दिवशी एक नट निसटायला लागला तेव्हा योसिप स्वतः पुढे वाकला, पाइपाला हात घातला आणि सहज म्हणाला, "द्र्झी." म्हणजे धर.

"दुसऱ्या धड्यातला शब्द," हेर एबरले म्हणाले. "मी धरलं."

मग त्यांनी आमच्याकडेच ठेवलेला खोका ओढला, पाचव्या कप्प्यातून ते कार्ड शोधलं आणि पहिल्या कप्प्यात ठेवलं. "हे रोज विचारायचं." ऑक्टोबरात त्यांनी पुढच्या सत्रासाठी नाव घातलं. म्हणाले, आता पान्याचा इतिहासही बघू.

दोन हजार सहामध्ये आम्ही पुण्याला परत निघालो तेव्हा त्यांनी खोका माझ्या हातात दिला. "माझं सगळं पाठ आहे," म्हणाले. समुद्राकाठच्या घरासारखं तेही खरं नव्हतं. दोन हिवाळ्यांनंतर ते गेले. शेजारणीने कळवलं की शनिवारचा जिना झाडून झाला होता.

ईशान, त्या भांडणाचं पुढे काय झालं? येत्या रविवारी सांग, जर्मनमध्येच. मला कळेल तेवढं कळेल, उरलेलं मी विचारीन.

खोका माझ्या टेबलावर आहे. कार्डं थोडी पिवळी झाली आहेत. 'धर' पहिल्या कप्प्यातच आहे.