हात न लावता बसवलेला पंप

बायको गेल्यापासून मी देवाला हात जोडत होतो ते निव्वळ सवयीने. खरं सांगायचं तर मी रुसलो होतो त्याच्यावर. पाळी गावच्या खाणीवर जीप चालवायची आणि खोलीवर येऊन एकट्यापुरती पेज शिजवायची, एवढाच संसार उरला होता. नऊ वर्षांची लेक गोव्यातच, चोपडे गावी आजोळी. तिथली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, मी एकदा चुकवली होती. गोव्याला राज्य मिळालं त्या वर्षी तिचं पत्र आलं, "बाबा, गणपती तुम्हीच आणायचा. तुम्ही येईपर्यंत पूजा करू देणार नाही, आजोबांना सांगून ठेवलंय."

चवथीच्या सकाळी डिचोलीच्या चिताऱ्याकडून मूर्ती घेतली आणि जपून मागे ठेवली. जीप जुनी, पेट्रोलचा पंप महिनाभर गळत होता. मी साबण लावून भागवत होतो. नवा पंप म्हापशाहून आणलेला, पण चांगला दिवस बघून बसवू म्हणून तो आठ दिवस देव्हाऱ्यात! मुहूर्त बघणारा मोठा शहाणा मी. निघताना तेवढा सीटखाली टाकला, हे नशीब.

धारगळच्या चढणीवर गाडी बंद पडली. चवथीला कुठलं गॅरेज उघडं असणार? रस्त्यावर चिटपाखरू नाही, घराघरांतून फटाके वाजत होते. जुना पंप सोडला, नवा बसवला. पंपाच्या काचेच्या वाटीत पेट्रोलचा थेंब येईना. तीनदा काढला, तीनदा लावला. दुपार होत आली. शेवटी मूर्तीकडे बघून ओरडलोच, "तुझं तू बघ बाबा! माझ्याच्याने होत नाही!" आणि रस्त्यातच बसून रडलो.

"पंपाचो दांडो कॅमा सकयल गेला," मागून आवाज आला. दांडा इंजिनातल्या फिरत्या कॅमच्या खाली घुसला होता, म्हणून पंप हलतच नव्हता. रस्त्यापलीकडे मोरीच्या कठड्यावर एक म्हातारा बसला होता. मी म्हटलं, "या की हो, जरा बघा." तो जागचा हलला नाही. "भितर गणपती आसा. हांव सुतकी, गाडयेक हात लायना. तूं कर, हांव सांगतां."

त्याने जन्मभर खाणीचे ट्रक दुरुस्त केले होते. त्याने सांगितलं तसं हँडल मारून इंजिन अर्धा फेरा फिरवलं, दांडा तिरका धरून कॅमच्या वर सरकवला, बोल्ट आवळले. वाटी भरली. गाडी धडधडत सुरू झाली.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"बायल. आयज सवो दीस. शेजारची आरती आयकूंक जायना, म्हूण हांगा येवन बसलां."

त्याचीही बायकोच, आणि आज जेमतेम सहावा दिवस; शेजारची आरती ऐकवेना म्हणून तो इथे आला होता. त्याने लांबूनच मूर्तीला हात जोडले आणि मला निघायची खूण करत म्हणाला, "वच रे, पूजा रावल्या."

लेक दारातच उभी होती. "किती उशीर हो बाबा!" म्हणत येऊन बिलगली. भटजी चुळबुळत होते, पण पाटावर अजून अक्षतासुद्धा पडल्या नव्हत्या. मी मूर्ती त्यांच्या हाती दिली.

ज्याच्या घरी त्या दिवशी देव येऊ शकत नव्हता, त्यानेच माझा देव पोचवला. मी रागाने सोडलेला भारही त्या दयाघनाने उचलला. नीट शरण जायला मला अजूनही जमत नाही. पण त्या आरतीत बायको गेल्यापासून पहिल्यांदा मी मनापासून काही मागितलं, आणि तेही स्वतःसाठी नाही. मोरीवरच्या माणसासाठी मागितलं, आणि तेव्हा ध्यानात आलं, मी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.