गालाने वास घेणारा माणूस

आमच्या पनवेलच्या कॉलेजात विभागप्रमुखांना एकदा शोध लागला. शिळ्या मासळीतल्या अमाइनचा वास ओळखणारं जे रिसेप्टर नाकात असतं, त्याचं जनुक म्हणे गालाच्या पेशींतही चालू असतं. काम एका विद्यार्थिनीच्या पीएचडीचं होतं, शोध मात्र सरांचा. सभागृहात शाल पांघरून त्यांनी जाहीर केलं की माणूस गालानेही वास घेतो. पुढच्या रांगेत प्राचार्यांनी नकळत आपला गाल चाचपला. मी त्याच विभागात शिकवायचो. टाळ्या मीही वाजवल्या.

आठवड्याभरात ती मुलगी जेलचा, म्हणजे डीएनएचे पट्टे किंवा बँड उमटतात त्या चकतीचा, फोटो घेऊन सरांकडे आली. मी तिथेच पेपर तपासत होतो. उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातली ती पहिली पदवीधर.

जनुक चालू आहे का, हे पेशीतल्या आरएनएवरून कळतं. एन्झाइम घालून त्याचा डीएनए करायचा आणि त्याच्या प्रती वाढवायच्या. नमुन्यात पेशीचा मूळ डीएनए उरला असेल तर त्याच्याही प्रती निघतात. बहुतेक जनुकांच्या मधे आरएनए बनताना गाळला जाणारा मजकूर असतो, त्यामुळे मूळ डीएनएचा बँड लांबीवरून पकडता येतो. या जनुकात तसं काही नाही, दोन्ही बँड हुबेहूब दिसतात. म्हणून एक नळी एन्झाइम न घालता चालवायची असते; तिच्यातही बँड आला तर तो मूळ डीएनएचाच. सरांनी ती वेळखाऊ ठरवली होती. तिने आता चालवली होती, फोटोतल्या शेवटच्या लेनमध्ये, म्हणजे रकान्यात.

"एन्झाइम टाकलंच नाय सर, तरी बँड हाय."

सरांनी फोटो उजेडात धरला, पुन्हा खाली ठेवला, मग समजुतीच्या स्वरात म्हणाले, "शेवटची लेन कापून टाक. परीक्षक काय मोजत बसतात?"

"मग त्या फोटोखाली माझं नाव नको, सर. तुमचंच ठेवा."

कामाचा व्याप वाढल्याचं पत्र देऊन सरांनी तिचं मार्गदर्शन सोडलं. टाळ्या वाजवणाऱ्या माझ्याकडे ती मार्गदर्शनासाठी विश्वासाने आली असावी, असं मला वाटत नाही. दुसरं कोणी तयारच नव्हतं. उरलेला डीएनए नष्ट करून तिने सगळे नमुने पुन्हा तपासले. एन्झाइम घालूनही सगळ्या लेन कोऱ्या निघाल्या. गाल फक्त गालच होता, हे सिद्ध करायला तिची आणखी दोन वर्षं गेली.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न त्या कोऱ्या लेनवरच विचारला. ती अर्धा तास बोलली, आणि त्यांनी सही केली. विभागप्रमुख त्या दिवशी एका सत्काराला गेले होते.